गाडी उभी राहिली की तापते

आता सगळं निभावलं आहे, म्हणून शांतपणे सांगता येतंय. मागच्या शुक्रवारी दुपारपर्यंत मला कुणी सहज जरी "काय, गाडी कशी आहे?" असं विचारलं असतं, तरी मी त्याच्याशी कायमचा अबोला धरला असता.

सुरुवात झाली ती आदल्या रविवारी, मोठ्या चौकातल्या सिग्नलला. गाडी बायको चालवत होती आणि मी शेजारी बसून सूचना करत होतो. ती गाडी शिकायला लागल्यापासून सूचना करणं ही या गाडीतली माझी मुख्य कामगिरी. सहा महिन्यांत तिचं चालवणं सुधारलं, सूचना मात्र त्याच राहिल्या.

"अहो, काटा वर चाललाय," बायको म्हणाली.

"कुठला काटा?"

"इंजिनाच्या तापमानाचा."

"तू रस्त्याकडे बघ. काट्याकडे मी बघतो."

मी बघेपर्यंत काटा लाल पट्टीत जाऊन मांडी ठोकून बसला होता. बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली, मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. मी उतरलो, बॉनेट उघडलं आणि आत बघत उभा राहिलो. आत बघून मला काही कळतं अशातला भाग नाही. पण भररस्त्यात गाडी बंद पडल्यावर नवऱ्याने उतरून आत बघायचं असतं आणि दोनदा मान हलवायची असते. मी तीनदा हलवली.

एरवी मी गाडी एखाद्या झाडाखाली लावून महिनाभर विसरलो असतो. मी जुन्या नोंदींच्या विभागात काम करतो, तिथे कुठल्याही प्रश्नावर हाच उपाय असतो आणि बहुतेक वेळा तो लागूही पडतो. पण या खेपेला पाच दिवसच हातात होते.

त्याचं असं. माझी बायको रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. बावीस वर्षं ती तळघरातल्या एका बिनखिडकीच्या खोलीत, ट्यूबलाइटखाली, दुसऱ्यांनी आणून दिलेल्या नळ्या तपासत बसली आहे. आता प्रयोगशाळेने घरोघरी जाऊन नमुने घेण्याचं काम सुरू करायचं ठरवलं, आणि ते काम तिला मिळू शकत होतं. अट एवढीच की स्वतः गाडी चालवता आली पाहिजे आणि सोमवारी सकाळी पक्कं लायसन्स टेबलावर हवं. नाहीतर ते काम एका तरण्या सहकाऱ्याकडे जाणार. परीक्षा शुक्रवारी होती. शिकाऊ लायसन्सची मुदत रविवारी संपत होती. पहिल्या परीक्षेत ती नापास झालेली. चढावर थांबवलेली गाडी पुन्हा काढताना वीतभर मागे गेली म्हणून. "मला एकदा उजेडात काम करायचंय हो," ती म्हणाली होती. ती सहसा काही मागत नाही. त्यामुळे ते वाक्य माझ्या डोक्यातून जातच नव्हतं.

आणि परीक्षेला गाडी हीच हवी. ही गाडी सतरा वर्षांची. तिचा क्लच जिथे पकडतो तिथे जगातल्या दुसऱ्या कुठल्याही गाडीचा क्लच पकडत नाही. जो हिच्यावर शिकला तो दुसरीकडे अडाणी, आणि जो दुसरीकडे शिकला त्याच्या हातून ही दारातून हलत नाही. मेहुण्याने एकदा प्रयत्न केला होता. पंधरा मिनिटं तो जागच्या जागी उड्या मारत होता.

सोमवारी सकाळी गाडीखाली हिरव्या पाण्याचं थारोळं दिसलं, आणि त्याबरोबर सल्लागारही जमले.

पहिले आले ते खालच्या मजल्यावरचे काका. हे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेत. सगळी इमारत त्यांना पाणीवाले काका म्हणते. त्यांनी बोट बुडवून ते पाणी बघितलं, वास घेतला, आणि गंभीरपणे म्हणाले, "गळती."

"कुठून?"

"ते महत्त्वाचं नाही. चौतीस वर्षं मी गळत्या बघितल्या. गळती सापडत नसते. आपण पाणी भरत राहायचं."

या तत्त्वावर त्यांचं खातं कसं चाललं असेल ते मला त्या दिवशी कळलं. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर घाईत होते, तरी त्यांनी थांबून वाकून बघितलं आणि "आत कुठेतरी कीड आहे, उघडावं लागेल," असं म्हणून ते निघून गेले. ऑफिसात हेडक्लार्कने सांगितलं, "थर्मोस्टॅट नावाची एक चकती असते, ती काढून फेकून द्या. मी माझी काढली." त्यांची गाडी मी आठ वर्षांत चालताना पाहिलेली नाही, पण तो मुद्दा मी काढला नाही.

मी स्वतः काही कमी केलं असं नाही. सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून निघण्याआधी बॉनेट उघडलं, तर इंजिन गार ठेवणाऱ्या हिरव्या पाण्याची, म्हणजे कूलंटची बाटली बरीच उतरलेली. ती तोंडोतोंड भरली. घरी येईपर्यंत काटा पुन्हा चढलेला. कूलंट कमी पडला असावा म्हणून मी रेडिएटरचं झाकण उघडलं. हे झाकण गरम असताना उघडू नये, असं त्या झाकणावरच लिहिलेलं आहे, हे मला ते झाकण उडून कुंपणापलीकडे गेल्यावर शोधताना वाचायला मिळालं. मी वेळीच मागे सरलो म्हणून चेहरा वाचला. शर्ट मात्र हिरवा झाला तो झालाच.

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला," बायको शर्ट भिजवत म्हणाली. "आधी रोग काय आहे ते तरी बघा."

म्हणून मंगळवारी मी गाडी गॅरेजात नेली. गॅरेजवाला पाना पुसत बाहेर आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात तसं मला बाजूला घेतलं.

"किती दिवस झाले?"

"परवापासून."

"उशीर केलात."

"परवापासून म्हणतोय मी."

"हेड गॅस्केट असू शकतं. इंजिन पूर्ण खोलावं लागेल. सकाळी पांढरा धूर निघतो का? तेल दुधासारखं दिसतं का? तसं असेल तर समजा संपलं."

"आणि तसं नसेल तर?"

"तरी खोलून बघावं लागेल. माझ्याकडे तीन आठवडे जागा नाही." मग त्याने गाडीच्या टपावर हात ठेवून आवाज खाली आणला. "सर, मनावर घेऊ नका, पण सतरा वर्षं म्हणजे हिने साथ दिली. आता भंगारात दिलीत तर कुणी तुम्हाला नावं ठेवणार नाही."

मी गाडीला ऐकू जाणार नाही अशा बेताने त्याला नको म्हणालो. माझा आवाज थोडा चिरकला. गाडीसाठी चिरकला असं नाही. बायकोला हे कसं सांगायचं, हा विचार मनात आला होता.

सांगायच्या आधी मी सरकारी वाट चोखाळून बघितली. बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून लायसन्सच्या कार्यालयात गेलो. खिडकीमागच्या बाईंना म्हणालो, "परीक्षेला दुसरी गाडी आणली तर चालेल का?" दुसरी गाडी तिला चालवता आली नसती ही गोष्ट खरी, पण माणूस संकटात सगळी दारं ठोठावतो.

"अर्जावर गाडीचा नंबर लिहिलाय," त्या म्हणाल्या.

"खोडून दुसरा लिहिला तर?"

"खाडाखोड केलेला अर्ज बाद होतो."

"मग नवा अर्ज?"

"नव्या अर्जाला नवी तारीख. सव्वादोन महिन्यांनी."

"पण तिचं शिकाऊ लायसन्स रविवारी संपतंय."

"मग आधी नवं शिकाऊ काढा. त्याला महिना झाल्याशिवाय पक्क्याचा अर्ज घेत नाही." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "तुम्ही कुठल्या खात्यात?"

मी सांगितलं.

"मग तुम्हाला हे समजायला हवं," त्या म्हणाल्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी निमूट खिडकी सोडली.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती रडेल अशी तयारी करून मी पाण्याचा पेला भरून जवळ ठेवला होता. तिने ते पाणी पिऊन टाकलं आणि विचारलं, "तेल दुधासारखं आहे का, ते पाहिलंत?"

"नाही."

"पांढरा धूर?"

"नाही. म्हणजे पाहिलं नाही."

"मग इतका वेळ तुम्ही पाहिलं काय?"

ती खाली गेली, तेल मोजायची दांडी बाहेर काढली आणि प्रयोगशाळेतून आणलेल्या पांढऱ्या कागदावर पुसली. काळं, स्वच्छ तेल. इंजिन चालू करून मागे जाऊन उभी राहिली. धूर नाही. "गॅस्केट नसावं," ती म्हणाली. असा निकाल तिने दिला की मला फार बरं वाटतं. पूर्वी माझ्या पोटात दुखायचं तेव्हाही तिने असंच 'काही नसावं' म्हटलं होतं आणि खरंच काही नव्हतं.

मग तिने तिच्या पद्धतीने काम हातात घेतलं. बाटलीवर दोन खुणा असतात, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. मी त्या आजवर नक्षी समजत होतो. तिने कूलंट बरोबर दोन खुणांच्या मध्ये ठेवला, झाकणावर पांढरी पट्टी चिकटवली आणि त्या पट्टीवर तारीख, वेळ आणि सही घातली.

"ही सही कशाला?"

"नमुना सीलबंद असल्याशिवाय निकालाला अर्थ नसतो. आता कुणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा."

'तुम्हीसुद्धा' मला लागलं. पण तासाभरात तिच्या सावधपणाचं फळ आमच्या डोळ्यांसमोर आलं. आमच्या गाडीचं बॉनेट डाव्या कोपऱ्यात गुद्दा घातला की बाहेरूनच उघडतं, आणि तो गुद्दा सगळ्या इमारतीला माहीत आहे. जिन्याच्या खिडकीतून बघतो तर पाणीवाले काका फिरून आलेले, बॉनेट उघडं, हातात नळाच्या पाण्याचा कॅन, आणि ते चष्मा कपाळावर चढवून पट्टीवरची सही वाचतायत.

"काका!" बायको जिन्यावरूनच म्हणाली.

"हे सील तू लावलंस का? मला वाटलं जप्ती आली."

"तुम्ही काय करताय?"

"रोज करतो तेच. संध्याकाळी बाटली भरून ठेवतो. पोरी, तुझी परीक्षा ना! मी म्हटलं, आपल्याकडून तेवढंच."

मग थारोळ्यांचा उलगडा झाला. पहिलं रविवारी उकळून सांडलेलं. सोमवारपासून मी ऑफिसातून निघताना बाटली गळ्यापर्यंत भरत होतो, आणि काका संध्याकाळी गळ्यापर्यंत भरत होते. गाडी तापली की कूलंट फुगायचा, जादा झालेला बाहेर सांडायचा. गार झाली की पातळी उतरायची. ती उतरलेली पाहून आम्ही पुन्हा भरायचो. खाली सांडलेलं थारोळं पाहून गळतीची खात्री पटायची. दोन वयस्क माणसं, दोघंही सरकारी खात्यातली, तीन दिवस एकमेकांच्या नकळत एकाच बाटलीचा पाणीपुरवठा सांभाळत होती.

काका जरा ओशाळले. "म्हणजे गळती नव्हतीच?"

"नव्हती काका."

"चौतीस वर्षांत असं पहिल्यांदाच," ते म्हणाले आणि कॅन घेऊन आत गेले. मला त्यांची दया आली. माझीही थोडी आली.

गुरुवारी सकाळी मी सीलबंद बाटलीनिशी गाडी घेऊन ऑफिसला गेलो आणि आलो. पातळी ढळली नव्हती. काटा मात्र दोनदा वर गेला होता. बायकोने मला एक कागद दिला होता, त्यावर काटा कुठे आणि गाडी काय करत होती ते लिहायचं. संध्याकाळी तिने तो कागद वाचला. रिकामा रस्ता, काटा मध्यावर. सिग्नल, काटा वर. पूल, मध्यावर. फाटकापाशी उभी, वर.

"अहो, ही चालताना तापत नाही. उभी राहिली की तापते."

"माणसाचं उलट असतं," मी म्हणालो.

तिने लक्ष दिलं नाही. "चालताना समोरून वारा लागतो. उभी असताना वारा कोण घालतं?"

"पंखा," मी म्हणालो, आणि पाठोपाठ त्या पंख्याबद्दल मी तिला चांगली पाच मिनिटं माहिती सांगितली. तो कुठे असतो, किती गरम झाल्यावर आपोआप सुरू होतो, त्याची पाती किती. ती शांतपणे ऐकत होती.

"आणि तो फिरतो का?" तिने विचारलं.

आम्ही खाली जाऊन गाडी जागेवर चालू ठेवली आणि बॉनेट उघडून वाट बघत उभे राहिलो. दातांचे डॉक्टर आले, काका आले, चौथ्या मजल्यावरच्या कुणीतरी खुर्ची आणली. काटा चढत चढत लाल पट्टीच्या उंबऱ्यापर्यंत गेला. पंखा ढिम्म.

मी गाडी बंद केली आणि गॅरेजवाल्याला फोन लावला. "पंखा फिरत नाही? अहो, मग आधी फ्यूज बघा ना," तो म्हणाला, जणू मंगळवारी हेच सांगायचं त्याच्या अगदी ओठांवर होतं. "बॅटरीशेजारी काळी पेटी आहे. तीस अँपिअरचा, हिरव्या रंगाचा."

बायको चष्मा आणायला वर गेली, बाकीचे पांगले. मी पेटीचं झाकण काढलं. एक कप्पा रिकामा होता. आणि त्या रिकाम्या कप्प्याकडे बघता बघता तो कुणी रिकामा केला ते मला आठवलं.

आमच्या घरी एक पद्धत आहे. घड्याळ बंद पडलं की रिमोटचा सेल घड्याळात जातो. हॉलमधला दिवा गेला की न्हाणीघरातला दिवा हॉलमध्ये येतो. नवीन वस्तू आणायच्या आधी घरात कुठे ती पडून आहे का ते बघायचं, हे मला वडिलांनी शिकवलं. दोन महिन्यांपूर्वी, थंडीचे दिवस होते, गाडीतलं मोबाइल चार्ज करायचं सॉकेट बंद पडलं. त्याचा निळा फ्यूज उडाला होता. झाकणावरची अक्षरं पुसून गेलेली. मी पेटी नीट न्याहाळली, एक हिरवा फ्यूज मला कुणाच्या फारसा कामाचा वाटला नाही, आणि मी तो काढून सॉकेटला लावला. मोबाइल उत्तम चार्ज होऊ लागला. त्या दिवशी माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली होती. मी बहुधा दिलीही होती.

गाडी गेले पाच दिवस नवऱ्याच्या काटकसरीने तापत होती, आणि त्याची शिक्षा मिळणार होती बायकोला. मला स्वतःची लाज वाटली. हे गमतीने म्हणत नाही.

तरी अजून वेळ होती. हिरवा फ्यूज काढायचा, जागच्या जागी लावायचा, कुणाला कळायचंही नाही. गाडीत बायकोची प्रयोगशाळेच्या सामानाची पेटी होती. तिच्यातला चिमटा घेतला, फ्यूज धरला, ओढला. निघेना. जरा जोर लावला. फ्यूजचं डोकं चिमट्यात आलं आणि पाय आतच राहिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

बायको चष्मा लावून खाली आली. "काय झालं?"

"फ्यूज उडालाय," मी म्हणालो. शब्द खोटा नव्हता. फक्त कुणी उडवला ते त्यात नव्हतं.

"मग नवा आणा."

गुरुवारी सुट्या भागांचं दुकान बंद असतं. शुक्रवारी ते दहाला उघडतं आणि परीक्षा साडेआठला. दुसऱ्या एखाद्या कप्प्यातला फ्यूज काढावा असा विचार माझ्या मनात आला नाही असं मी शपथेवर सांगू शकत नाही, पण हात पुढे झाला नाही. मी पुन्हा गॅरेजवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "गाडीतला हीटर पूर्ण लावा, काचा उघडा. इंजिनाची गरमी आत घ्यायची. आणि उभी असली की इंजिन बंद. तेवढं करून परीक्षा होऊन जाईल. चुकून तीसचा दुसरीकडे कुठे लावू नका बरं का, गाडी पेटते." मी बरं म्हणालो आणि फोन ठेवल्यावर पायरीवर बसलो.

शुक्रवारी ऊन सकाळी आठलाच तापलं. परीक्षेच्या मैदानाबाहेर गाड्यांची रांग होती. आमच्या पुढे चौदा. दर चार मिनिटांनी रांग एक गाडी पुढे सरकणार. म्हणजे गाडी सुरू, बंद, सुरू, बंद. तेवढ्यातच काटा चढला असता.

"तू स्टिअरिंग धर," मी म्हणालो. "मी ढकलतो."

"चौदा वेळा?"

"चौदा वेळा."

मी ऑफिसचा इस्त्रीचा शर्ट घातला होता, कारण तिच्या परीक्षेला नीट दिसावं असं वाटलं होतं. पाचव्या खेपेला तो अंगाला चिकटला. आठव्या खेपेला रांगेतले लोक आपापल्या गाड्यांतून उतरून बघू लागले. फाटकावरचा पहारेकरी जवळ आला. "साहेब, चालवायची परीक्षा असते. ढकलायची नाही."

"माहीत आहे."

"इंजिन आहे ना हिला?"

"आहे. राखून ठेवलंय."

तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि शेवटच्या तीन खेपांना त्याने एका हाताने मदत केली. आयुष्यात मला अनेक अधिकाऱ्यांनी अनेक प्रकारे अडवलं आहे. मला हात लावून पुढे ढकलणारा हा पहिलाच भेटला.

परीक्षक साहेब जाडजूड, कडक इस्त्रीचे, हातात कागद लावलेली फळी. ते गाडीत बसले. मी कुंपणाशी उभा राहिलो. इंजिन सुरू झालं. कुंपणापासून मला हीटरचा आवाज ऐकू येत होता. साहेबांनी खिशातून रुमाल काढला तोही दिसला. गाडीने आठचा आकडा काढला, एक, दोन. रुमाल मानेवर गेला. गाडी चढाकडे निघाली, चढावर मध्यभागी थांबली. इथेच ती मागच्या वेळी घसरली होती. मी कुंपणाची तार घट्ट धरली. गाडी इंचभरही मागे न जाता वर निघाली, वर पोचली, वळली.

आणि थांबली.

मैदानाच्या मधोमध. इंजिन बंद झालं. दोन्ही दारं उघडली. साहेब बाहेर आले, चेहरा लालबुंद, टोपी हातात. बायको उतरली आणि बॉनेटपाशी गेली. कुंपण ओलांडून धावत जावं आणि ओरडून सांगावं की चूक तिची नाही, माझी आहे, मी फ्यूज चोरला, असं वाटलं. एक पाय तारेवर चढवलाही होता. पहारेकऱ्याने कॉलर धरून खाली उतरवलं.

सहा मिनिटं ते दोघे तिथे उभे होते. काय बोलत होते ऐकू येईना. मग दोघे पुन्हा गाडीत बसले, गाडी नीट फाटकापर्यंत आली, साहेब उतरले, फळीवर सही केली आणि पाण्याच्या नळाकडे जवळजवळ पळत गेले.

बायकोने खिडकीतून हात बाहेर काढला. हातात कागद होता. "बसा," ती म्हणाली. "उत्तीर्ण."

मी बसलो. डोळ्यांतून पाणी आलं ते हीटरमुळे, असं मी तिला सांगितलं आणि तिने ते मान्य केलं. रस्ता रिकामा होता, काटा मध्यावर, काचा उघड्या. पाच दिवसांत पहिल्यांदा माझे खांदे खाली आले.

"थांबलीस का मधेच?" बऱ्याच वेळाने मी विचारलं. "माझा जीव गेला होता."

"काटा लालच्या जवळ आला म्हणून थांबवली. साहेब म्हणाले, बंद पडली का? मी म्हटलं, नाही, मी थांबवली. आणखी चालवली तर इंजिन जाईल, सहा मिनिटांत गार होते, मोजलंय. ते म्हणाले, इथे येणारा प्रत्येक जण गाडी चालवून दाखवायच्या नादात असतो. कधी थांबायचं ते कळणारं माणूस आज बघितलं. मग विचारलं, तापते कशाने? मी सांगितलं, पंख्याचा फ्यूज नाही."

"बरोबर."

"ते म्हणाले, फ्यूज कुठे गेला?"

मी समोर बघत राहिलो. समोर बघण्यासारखं काही नव्हतं. "मग तू काय म्हणालीस?"

"घरगुती कारण."

रजेच्या अर्जात मी वर्षानुवर्षं लिहीत आलेले ते दोन शब्द होते.

"तुला कधी कळलं?"

"काल. सामानाच्या पेटीत माझा चिमटा वाकडा झालेला सापडला. आणि त्याच्या टोकाला हिरवं प्लास्टिक."

"मग बोलली का नाहीस?"

"आज परीक्षा माझी होती," ती म्हणाली, आणि वळण आलं म्हणून आरशात पाहिलं. "गाडी तापलेली, वर तुम्हीही तापला असतात. दोन दोन इंजिनं मी कुठे सांभाळत बसू?"

मी काहीतरी उत्तर देणार होतो, पण मला हसू फुटलं आणि ते मग थांबेचना. तीही हसायला लागली. घर आलं तरी आम्ही खाली उतरलो नाही. हीटर बंद करायचं दोघांनाही सुचलं नव्हतं. पाणीवाले काका रिकामा कॅन घेऊन दारातच उभे होते, आणि घामाने निथळत हसणाऱ्या आम्हा दोघांकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, "नापास?"